पुढच्या चाकाचा नट

माझ्या नातवंडांनी माझ्याविषयी एक समज करून घेतला आहे आणि मी तो मोडत नाही, कारण त्यात माझा फायदा आहे. समज असा की आजी शूर. ज्या काळात आमच्याकडच्या बायका सायकलच्या घंटीलाही बोट लावायला लाजत, त्या काळात आजी नऊवारीचा काष्टा घट्ट मारून मुठा खोऱ्यात फटफटी हाकत होती. आणि नुसती हाकत नव्हती, भंगारातल्या गाड्यांचे भाग जोडून आपल्या मनासारखी फटफटी बांधत होती. हे सगळं खरं आहे. शूर तेवढं खोटं.

मी भित्री आहे. आजही अंगणात कुणी मोटारसायकल उभी केली की माझा हात आधी तिच्या पुढच्या चाकाकडे जातो. आसाचा नट चाचपते, मग दुसऱ्या बाजूचा, मग पुन्हा पहिला. नातू म्हणतो, आजी, कालच शोरूममधून आणली, कारखान्यात मशीननं आवळतात आता. असेल. पण कारखान्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी काय करतात, ते त्याला कुठं माहीत आहे?

लग्न होऊन मी या घरात आले ती सतरा-अठरा वर्षांची असेन. साल सत्तावन्न असेल किंवा अठ्ठावन्न. माहेर भुकूमचं. जगातलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी तेव्हा खात्री होती. ती मुलगी आज समोर आली तर मी तिच्या हातातली पक्कड काढून घेईन आणि तिला आधी जात्यावर बसवीन.

घर मुठा गावापासून थोडं वर, डोंगराच्या सोंडेवर. दारातून मुरमाचा रस्ता पाच वळणं घेत खाली ओढ्यापर्यंत जायचा. ओढा म्हणजे गावाची शीव. तिसऱ्या वळणावर डाव्या अंगाला कठडा नव्हता, झाड नव्हतं, काहीच नव्हतं. खाली एकदम भाताची खाचरं. वरून बघितलं तर कुणीतरी हिरवी लुगडी वाळत घातल्यासारखी दिसायची. तिथून एकदा बैलगाडी गेली होती खाली. बैल वाचले नव्हते.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, मोठ्या लढाईत मिलिटरीत होते. तिथं त्यांनी फक्त एकच काम केलं, फटफट्या दुरुस्त करायचं. एक गुडघा आखडून घेऊन ते परत आले आणि येताना हे वेडही घेऊन आले. खडकीच्या लिलावातून त्यांनी तीन मेलेल्या मिलिटरी फटफट्या घेतल्या आणि बैलगाडीत घालून घरी आणल्या. तीन मेलेल्यांतून एक जिवंत करायची, असा त्यांचा बेत. एकीचा सांगाडा, दुसरीचं इंजिन, तिसरीचं पुढचं चाक. चाकावरचा चिखल अडवायचा पत्रा गावच्या लोहारानं ऑइलच्या पिंपातून ठोकून दिला. शीट मात्र त्यांनी स्वतः शिवलं, जुन्या खोगिराच्या चामड्याचं, आत काथ्या भरून. गोठ्याशेजारच्या छपरात हे सगळं चालायचं. म्हशी एका बाजूला रवंथ करतायत, दुसऱ्या बाजूला इंजिन उघडं पडलंय. ग्रीसचा आणि शेणाचा वास इतका एक झालेला की पुढं मला कुठल्याही गॅरेजमध्ये शेणाचा वास आला नाही तर चुकल्यासारखं वाटायचं.

मी तिथं चहा घेऊन जायची. एके दिवशी मामंजी गाडीखालून हात बाहेर काढून म्हणाले, तो बारक्या तोंडाचा पाना दे. मी दिला. बरोबर तोच दिला. झालं. त्या दिवसापासून ही बया स्वतःला इंजिनिअर समजायला लागली. सहा महिन्यांत मला कार्बोरेटर साफ करता यायला लागला, साखळीची कडी काढून घालता यायला लागली. पोळी अजून गोल येत नव्हती.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना फटफटी डोळ्यांपुढं नको असायची. मला वाटायचं, बाई जुन्या वळणाची आहे, तिला यंत्रातलं काय कळतंय. त्यांनी मला एकदा बजावलं होतं की म्हाताऱ्याला हत्यारं द्यायची-घ्यायची तेवढी द्या-घ्या, गाडीला हात लावायचा नाही. लावलेला दिसला तर छपराला कुलूप. मामंजींसाठीही त्यांचा एक नियम होता. ज्या दिवशी म्हाताऱ्याचा हात कापायला लागेल त्या दिवशी गाडी भंगारात. आमचे हे पौडला शाळेत मास्तर, ते आईच्या बाजूचे. त्यामुळे मामंजी चहाची बशी नेहमी दोन्ही हातांनी धरायचे आणि आत्याबाई त्या बशीकडे बघत बसायच्या.

तरी उन्हाळ्यात आत्याबाई लग्नाला आठ दिवस माहेरी गेल्या तेव्हा मामंजींनी मला मोकळ्या वावरात गाडी चालवायला शिकवली होती. पुढचं चाक तेव्हा कुठलं तरी तात्पुरतं होतं. मी दोनदा पडले, एकदा उकिरड्यात. हे आत्याबाईंना कुणी सांगितलं नाही आणि त्यांना कळल्याशिवायही राहिलं नसणार.

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी पहिल्यांदा शिवेबाहेर न्यायची असं मामंजींनी ठरवलं होतं. आमच्याकडे दसऱ्याला संध्याकाळी गावातले पुरुष शीव ओलांडतात, पलीकडे आपट्याच्या झाडाची पूजा करतात आणि सोनं घेऊन परततात. बायका घरी ओवाळायला थांबतात. यंदा मामंजी फटफटीवरून जाणार होते आणि मागं हे बसणार होते. गाडी तोवर अंगणाबाहेर फारशी गेलीच नव्हती. नव्या पुढच्या चाकात थोडी ढिलाई होती. चाक एका गाडीचं, त्याला धरणारे दोन पाय दुसऱ्या गाडीचे, मधे नखाच्या जाडीएवढी फट. हलवलं की खुटखुट वाजायचं. मामंजी म्हणाले, हळू जायचंय, चालतंय, दसऱ्यानंतर बघू.

ते ऐकून स्वस्थ बसेल ती मी कसली.

खंडेनवमीच्या सकाळी मामंजी आणि हे नारळ, झेंडू आणायला पौडला गेले. आत्याबाई खाचराकडे. मी छपरात शिरले. एका डब्याच्या झाकणातून कातरीनं दोन वायसर, म्हणजे फटीत भरायच्या चकत्या, कापले, चाक उतरवलं, वायसर बसवले, चाक चढवलं. खुटखुट बंद. मला इतका आनंद झाला की मी चाक नुसतंच फिरवत बसले. तिथं गेलेला वेळ मला अजून टोचतो. मग नट बोटांनी घातला, बोटांना जेवढा फिरला तेवढा फिरवला आणि पान्यासाठी हात मागं केला, तर दारात सावली.

आत्याबाई टोपली कमरेला लावून उभ्या होत्या. त्यांना मी फक्त गाडीपुढे बसलेली दिसले, हातात फडकं घेतलेली. फडकं मी कधी उचललं मला आठवत नाही. चोराचे हात फार चपळ असतात. त्या म्हणाल्या, हत्यारं दे समदी, पुजेला मांडायची आहेत.

खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड पुजायचं. कोयते, विळे, नांगराचा फाळ, आणि या घरात मामंजींचे पानेसुद्धा. धुऊन, पुसून, पाटावर मांडून, हळदकुंकू लावलं की पूजा उतरेपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. त्या दिवशी विळीवर भाजीही चिरायची नाही. मी एकेक हत्यार टोपलीत टाकलं. मला हवा होता तो पाना आत्याबाईंनी सगळ्यात आधी उचलला. एक मिनिट थांबा, एवढं म्हणायचं होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, कशाला. आणि छपराला कुलूप लागलं असतं.

मी मनाशी हिशोब केला. आमच्या भुकूमला दसऱ्याच्या सकाळी आंघोळी झाल्या की पूजा उतरते. म्हणजे उद्या सकाळी पाना मोकळा. दोन मिनिटांचं काम. लग्नानंतरचा पहिला दसरा मी माहेरीच केला होता, त्यामुळे दुसरीकडे दुसरी रीत असू शकते हे या इंजिनिअरच्या डोक्यातच आलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. पाटावरची हत्यारं तशीच. मी दोनदा देवघरासमोरून गेले, तिसऱ्यांदा झाडायला म्हणून गेले. शेवटी पुरण वाटता वाटता, काहीच विशेष नसल्यासारखं विचारलं, आत्याबाई, पूजा कधी उतरायची?

"सोनं आणल्यावर," त्या म्हणाल्या. "हत्यारावर सोनं ठेवलं की मग उतरायची. तुमच्या भुकुमाला काय सकाळीच उरकत्यात व्हय?"

म्हणजे गाडी आधी जाणार आणि पाना नंतर मोकळा होणार. पाच वळणं. तिसरं वळण. मी पुरण वाटत राहिले. आत्याबाई म्हणाल्या, अगं, किती वाटशील, त्याचं पाणी होईल.

सांगायला हवं होतं. इथंच, चुलीपुढं, मी एक वाक्य बोलले असते तर फार तर चार शिव्या आणि एक कुलूप. पण मला त्या वेळी कुलूप तिसऱ्या वळणापेक्षा मोठं वाटलं. माणूस किती लहान असू शकतो ते बघायला मला आरसा लागत नाही, ती सकाळ आठवली की पुरतं.

मग मला सांडशी सुचली. तीही लोखंडाचीच, पण पुजेत नव्हती, चुलीपाशी लागते म्हणून. ती पदराखाली घेतली आणि मागच्या दारानं छपरात. मामंजी आणि हे अंगणात झेंडूच्या माळा ओवत होते, त्यांची पाठ मला दिसत होती. मी बसकण मारली आणि सांडशीनं नट पकडला. सांडशीचा जन्म पातेलं धरायला झालेला. ती नटावरून घसरली आणि माझ्या नखात शिरली. पुन्हा धरला. किंचित फिरला, की मला वाटलं फिरला, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. तेवढ्यात घरातून हाक.

"सांडशी कुटं गेली गं? पुरण खाली लागतंय."

मी पळाले. पुरण थोडं लागलंच. आत्याबाईंनी माझ्या बोटाकडे बघितलं, रक्त आलं होतं. सांडशी माझ्या हातातून घेतली आणि पातेलं उतरवलं.

दुपार गेली. मी एकेक गोष्ट मनात जमवत होते, माणूस बुडायला लागल्यावर जमवतो तशी. दुसऱ्या बाजूचा नट तर घट्ट आहे. मामंजी हळू चालवतात. सांडशीनं थोडा तरी बसला असेल. एवढं काही होत नसतं. दर वेळी शेवटच्या वाक्यानंतर मला ती बैलगाडी दिसायची.

निघायच्या वेळी गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या. पुढच्या चाकाच्या मधोमध दोन्ही बाजूंना फुलांचे गोंडे. नट दिसेनासा झाला. आत्याबाईंनी गाडीला कुंकू लावलं, मन नसताना, अंगठ्यानं टेकवल्यासारखं. मामंजींनी फेटा बांधला होता. ते माझ्याजवळून जाताना आवाज बारीक करून म्हणाले, "समदं बघितलंस न्हवं?"

मी म्हणाले, व्हय, मामंजी.

हा एकच शब्द मी आयुष्यात हजारदा बोलले असेन. त्या दिवशीचा मला वेगळा ऐकू येतो.

त्यांनी किक मारली. हे मागं बसले, मांडीवर नारळ धरून, मास्तरांसारखे ताठ. गाडी अंगणातून बाहेर पडली आणि मी चुलीपुढं येऊन बसले. आमच्या घरातून रस्ता दिसत नसे पण आवाज ऐकू येई. गाडी वळली की आवाज डोंगराआड जातो आणि पुढच्या सरळ भागावर पुन्हा येतो. पहिलं वळण. आला. दुसरं. आला. पोळी तव्यावर होती. तिसऱ्या वळणाला आवाज गेला. मी वाट बघितली. पोळी काळी झाली, धूर आला, आवाज आला नाही. आत्याबाई म्हणाल्या, उलट ती. मी उठले. त्यांना काय वाटलं असेल देव जाणे, पेटती चूल आणि जळती पोळी टाकून सून मागच्या दारानं गेली.

खाचरांच्या बांधावरून एक पायवाट सरळ ओढ्याकडे उतरते. भात कापणीला आलेलं, कमरेएवढं, बांध अरुंद आणि निसरडे. मी दोनदा भातात पडले. पायात काही नव्हतं. खालून तिसऱ्या वळणाचा कडा दिसतो. त्याच्या पायथ्याशी पोचले तेव्हा मी वर न बघता खाली बघितलं. जे पडायचं ते तिथंच पडणार. बांधाबांधानं सगळा पायथा शोधला, त्यात किती वेळ गेला ते कळलं नाही. भात उभं होतं. कुठं आडवं झालेलं नव्हतं, कुठं पिवळं फूल नव्हतं, फेटा नव्हता. मी तेवढ्यात खालून इंजिन ऐकलं, अगदी हळू, म्हातारं माणूस खाकरतंय तसं. मी पुन्हा पळत सुटले.

पोचले तेव्हा पूजा संपली होती. सोनं घेऊन ओढ्याच्या अलीकडे परतलेला सगळा गाव, म्हणजे सगळे पुरुष. एकही बाई नाही. फटफटी त्यांच्या मधे उभी. मामंजी शिटावर बसलेले, आणि मागं हे नव्हते. परतीचा मान पाटलांचा. गावचे पाटील धोतर सावरत मागच्या शिटावर चढले होते आणि लोक त्यांना कुठं धरायचं ते सांगत होते. इंजिन एकदा चालू होऊन बंद पडलेलं, मामंजींचा पाय पुन्हा किकवर गेलेला.

मी त्या सगळ्यांच्या मधून गेले. डोक्यावर पदर नव्हता, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलात. लोक बाजूला झाले ते मानानं नव्हे, वेड्या बाईला वाट देतात तसे. चाकाशी वाकले आणि झेंडूच्या गोंड्यात हात घातला. आसाचं टोक हाताला लागलं. नुसते आटे. नट नव्हता.

"मामंजी, गाडी चालू करू नका," मी म्हणाले. "पुढच्या चाकाला नट न्हाई."

"न्हाई म्हंजी? परवाच आवळलाय म्या."

"काल मी काढला व्हता. पुन्हा लावला, पर हातानंच. हत्यारं पुजेत व्हती."

मामंजी उतरले, आखडलेला गुडघा तसाच ठेवून कसेबसे बसले, आणि गोंडा बाजूला करून त्यांनी आसाच्या टोकावर बोट ठेवलं. मग दुसरीकडचा नट चाचपला. तोही सैल व्हायला लागला होता. आसाचं टोक एका बाजूनं घसरत जवळजवळ बाहेर आलं होतं. पाटील मागच्या शिटावरून उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले, मी आपला चालतच जातो, मला चालायची सवय हाय. दोघं-तिघं हसले. मामंजी हसले नाहीत. हे हातात आपट्याची डहाळी घेऊन माझ्याकडे बघत होते.

गाडी ढकलत वर आणली. मामंजींनी हँडल धरलेलं, आम्ही दोघं मागून. पाचवं वळण, चौथं. तिसऱ्या वळणाशी मामंजी दम खायला थांबले आणि कड्याकडे पाठ करून उभे राहिले.

"हितं हँडल हलाया लागलं," ते म्हणाले. "मला वाटलं, माझंच हात कापत्यात. म्हणून इंजिन बंद केलं आन बिरीक धरून हळूहळू घरंगळत नेली. कुणाला बोललो न्हाई."

मला ते समजायला दोन पावलं लागली. हात कापतात असं कळलं तर गाडी भंगारात जाणार होती, म्हणून ते गप्प राहिले होते. मी छपराला कुलूप लागेल म्हणून गप्प राहिले होते. एकाच गाडीसाठी आम्ही दोघांनी तोंड बंद ठेवलं होतं, आणि त्या गाडीवर मागं तिसरा माणूस बसला होता, ज्याला गाडीशी काही देणंघेणं नव्हतं.

तोच माणूस मग बोलला. इतक्या वेळात पहिल्यांदा. "मी मागं बसलो होतो," हे म्हणाले. रागानं नाही. मुलाला चूक दाखवताना त्यांचा आवाज असाच असायचा. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. पुढं आम्ही चाळीसेक वर्षं संसार केला, भांडलो, पोरं वाढवली, हे वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. मला ते उच्चारायची गरजही नव्हती.

दारात आत्याबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या. ढकलत आणलेली गाडी बघून त्यांनी ताट खाली ठेवलं. कुणी काही सांगायच्या आत मीच सांगितलं. वायसर, नट, सांडशी, सगळं. मामंजींच्या हाताचं मात्र सांगितलं नाही, ते माझं सांगायचं नव्हतं. ते त्यांनी स्वतः सांगितलं, जोत्यावर बसून, जमिनीकडे बघत.

मी शिव्यांची वाट बघत होते. आत्याबाई आत गेल्या. पाटावरच्या हत्यारांवर त्यांनी एकेक आपट्याचं पान ठेवलं, हात जोडले, पूजा उतरवली. मग तो पाना घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या हातात दिला. कुंकू त्याला तसंच होतं.

"उघडलं कुणी?"

"मी."

"मग आवळायचं बी तूच. उद्या सकाळी. आन आवळून झालं की आधी तू बसायचं. एकटीनं वड्यापतुर जायचं आन यायचं. माझी माणसं मागनं."

हे म्हणाले, आई, ती कशी जाईल, पडेल.

"तुजा बाप आन तू गेलासच न्हवं तिच्या भरवशावर," आत्याबाई म्हणाल्या. "आता तिला जाऊ दे."

लोक मला विचारतात, त्या काळात तुम्हाला फटफटी चालवायची परवानगी कुणी दिली हो. मी सांगते, सासूनं दिली. शिक्षा म्हणून दिली हे सहसा सांगत नाही. तो या घराचा नियमच झाला. जिनं आवळलं तिनं आधी बसायचं. साठ सालानंतर मी दुधाच्या किटल्यांसाठी जाळी जोडलेली एक फटफटी बांधली, पिरंगुटच्या डॉक्टरांसाठी बाजूला बसायची जोडगाडी लावलेली बांधली, आणखी चार-पाच बांधल्या. दर गाडीवर ओढ्यापर्यंतची पहिली फेरी माझी. लोकांना तो रुबाब वाटायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भंगाराच्या ढिगातून मामंजींनी आट्याला बसणारा नट शोधून दिला. मी आवळला. आत्याबाई माझ्यापाठी उभ्या, हात पाठीमागं बांधून. मी म्हणाले, झालं. त्या म्हणाल्या, पुन्हा बघ. पुन्हा बघितलं. दुसरी बाजू बघ, त्या म्हणाल्या. मग मी बसले.

वावरात पडणं वेगळं. त्या उतारावर मी दोन्ही पाय खाली सोडून, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं गेले. तिसऱ्या वळणावर मला खाचरं दिसली नाहीत, डोंगर दिसला नाही. पुढच्या चाकाचा तो नट दिसत होता, बस. हँडल हलतंय की माझे हात, ते मलाही कळेना. तेव्हा मामंजी खोटं बोलत नव्हते हे मला पटलं. ओढ्याशी उतरले, नट चाचपला, काठावर जाऊन ओकले, तोंड धुतलं आणि वर आले. वर यायला इंजिनाला जोर लावावा लागतो, त्यामुळे भ्यायला वेळ कमी मिळतो.

अंगणात आले तेव्हा आत्याबाईंनी मला खालीवर बघितलं आणि उतर म्हणाल्या. मग मामंजींना म्हणाल्या, तुमी बसा आता. मामंजींनी आपले दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले, तळवे खाली करून, डॉक्टरला दाखवावेत तसे. हात स्थिर होते. आत्याबाईंनी बघितलं, मान हलवली. मामंजींनी किक मारली आणि गेले.

मी घरात निघाले तर आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. आम्ही दोघी अंगणाच्या कडेला उभ्या राहिलो. पहिल्या वळणाशी आवाज गेला, पुन्हा आला. आत्याबाईंचे ओठ हलत होते, त्या मोजत होत्या. मी काल एकच दिवस मोजलं होतं. आत्याबाई म्हातारा लढाईवर गेला तेव्हापासून काही ना काही मोजत असणार, आणि मला वाटत होतं बाईला यंत्रातलं काय कळतंय. दुसरं वळण. आवाज आला. मनगटातल्या बांगड्या मला रुतायला लागल्या.

तिसऱ्याला आवाज गेला.

"आला का?" त्यांनी विचारलं. "मला आताशा नीट ऐकू येत न्हाई."

"न्हाई अजून," मी म्हणाले. "थांबा."